पडद्यावरचे जहाज आणि रिकामी खुंटी

चित्रपटाचे परीक्षण लिहिताना नेपथ्याला शेवटची अर्धी ओळ देण्याची आपल्याकडे रीत आहे. कथा, अभिनय, संगीत, छायाचित्रण ह्यांवर चार परिच्छेद खर्च झाल्यावर ‘नेपथ्य ठीक’ असे दोन शब्द लिहून समीक्षक मोकळा होतो. नाटकवाले ज्या सामानाला ‘प्रॉपर्टी’ म्हणतात, त्या तलवारी, कंदील, पेले, पेट्या ह्यांचा तर उल्लेखही होत नाही. आमच्या धर्मग्रामांतील हौशी मंडळींना मात्र ह्या सामानाची किंमत पुरती ठाऊक आहे. पुठ्ठ्याचे रोमी शिरस्त्राण ऐन दुःखसहनाच्या प्रवेशात घरंगळले की प्रेक्षकांच्या डोळ्यांतील अश्रू क्षणात आटतात. नाताळच्या गोठ्यावर आपण कापसाचे बर्फ पसरतो त्याला कोणी हरकत घेत नाही, कारण तेथे भक्तीचा हात असतो. परंतु जो चित्रपट स्वतःला इतिहास म्हणवतो, त्याला ही सवलत आम्ही का द्यावी?

ह्या दृष्टीने ‘मास्टर अँड कमांडर : द फार साइड ऑफ द वर्ल्ड’ ह्या २००३ सालच्या इंग्रजी चित्रपटाचा विचार करावा असे आम्हांस वाटते. दिग्दर्शक पीटर वीअर हे ऑस्ट्रेलियाचे. पॅट्रिक ओब्रायन ह्यांनी ब्रिटिश आरमाराच्या शिडांच्या काळावर वीस कादंबऱ्या पूर्ण केल्या आणि जानेवारी २००० मध्ये ते निवर्तले. त्या मालिकेतील निरनिराळ्या कादंबऱ्यांमधून प्रसंग वेचून हा चित्रपट उभा केलेला आहे. कथा साधी आहे. १८०५ साल, नेपोलियनशी युद्ध चालू आहे, कॅप्टन जॅक ऑब्री ‘सर्प्राइझ’ नावाच्या लहानशा फ्रिगेट जातीच्या युद्धनौकेवरून ‘ॲकेरॉन’ ह्या मोठ्या, बळकट फ्रेंच जहाजाचा ब्राझीलच्या किनाऱ्यापासून केप हॉर्नला वळसा घालून पॅसिफिक महासागरापर्यंत पाठलाग करतो. सोबतीला त्याचा मित्र, जहाजाचा शस्त्रवैद्य आणि निसर्गशास्त्रज्ञ डॉक्टर स्टीफन मॅटुरिन. स्त्रीपात्र जवळजवळ नाही, गाणे नाही, प्रेमकथा नाही. दोन तासांहून अधिक काळ प्रेक्षकाला लाकूड, दोर, कापड आणि पाणी ह्यांच्यातच राहावे लागते. अशा चित्रपटात सामान हलके निघाले तर उरते काय?

ते हलके निघू नये म्हणून केलेली खटपट थक्क करणारी आहे. १७५७ साली इंग्लंडमध्ये हल येथे ‘रोझ’ नावाची वीस तोफांची युद्धनौका बांधण्यात आली होती. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात १७७९ साली ती सव्हॅनाच्या नदीत वाट अडविण्यासाठी मुद्दाम बुडविण्यात आली. तिचे मूळ आराखडे ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात शिल्लक होते. त्यांवरून १९७० साली कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात लुनेनबर्ग येथे तिची प्रतिकृती तयार झाली. चित्रपट कंपनीने २००१ साली हे जहाज विकत घेतले आणि त्याचे रूप पालटून त्याला ‘सर्प्राइझ’ केले. समुद्रावरची दृश्ये ह्या खऱ्या, तरंगत्या जहाजावर घेतली गेली. शिवाय मेक्सिकोमध्ये रोसारितो येथे, ‘टायटॅनिक’ चित्रपटासाठी खणलेल्या प्रचंड हौदात, त्याच मापाचे दुसरे जहाज यंत्राच्या पाळण्यावर बसविण्यात आले, म्हणजे वादळात ते हवे तसे कलवता यावे. तिसरे रूप लहान प्रतिकृतीचे. ते न्यूझीलंडमधील वेटा कार्यशाळेने घडविले. केप हॉर्नच्या भयंकर लाटा मात्र हौदातल्या नाहीत. कॅप्टन कुक ह्यांच्या ‘एन्डेव्हर’ ह्या जहाजाची जी प्रतिकृती ऑस्ट्रेलियात बांधली गेली, ती खरोखरच केप हॉर्नला वळसा घालत असताना तिच्यावरून ह्या लाटा टिपल्या गेल्या आणि मग त्या चित्रात मिसळल्या.

हे सारे सांगण्याचे कारण केवळ कौतुक नव्हे. जुन्या जहाजावरच्या वस्तू कशा होत्या हे कळायचे तरी कोठून? आराखडा जहाजाचा सांगाडा सांगतो, पण खलाशाचा चमचा सांगत नाही. चित्रकारांनी युद्धाची भव्य चित्रे काढली. पण त्यांत धूर फार आणि भांडीकुंडी थोडी. आरमाराचे हिशेब, सुनावण्यांची कागदपत्रे, अधिकाऱ्यांच्या दैनंदिन्या ह्यांतून बारीकसारीक तपशील मिळतात. आणि सर्वांत प्रामाणिक साक्षीदार म्हणजे समुद्राच्या तळाशी गाळात रुतून राहिलेली जहाजे. १५४५ साली बुडालेले ‘मेरी रोझ’ १९८२ साली वर काढण्यात आले, तेव्हा त्यातून शस्त्रवैद्याची भरलेली पेटी, ताटवाट्या, कंगवे, जोडे असा संसारच बाहेर आला. ह्या ‘मेरी रोझ’कडे आम्ही पुन्हा वळणार आहोत, वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

खरे पाहता नुसते संशोधन हीच कला नव्हे. ‘टायटॅनिक’च्या वेळी जेम्स कॅमेरॉन ह्यांनी मूळ कंपनीकडूनच गालिचे विणून घेतले होते, हे आपण कौतुकाने ऐकले. त्याच चित्रपटात जहाजाची एकच बाजू बांधलेली असल्याने साउथॅम्प्टन बंदराचा प्रवेश उलटा चित्रित करावा लागला, पाट्यांवरची अक्षरेही उलटी रंगवावी लागली आणि मग चित्र आरशासारखे फिरवून सुलटे करण्यात आले. ह्या कारागिरीचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु तेथील गालिचा पायाखालीच राहतो. पाहणाऱ्याला तो श्रीमंती सांगतो, त्याहून अधिक काही सांगत नाही. वीअर ह्यांच्या चित्रपटात वस्तू काम करतात. आमच्या मते दोहोंतला भेद हाच आहे, आणि त्याची उदाहरणे थोडी सविस्तर पाहण्यासारखी आहेत.

कॅप्टनची खोली घ्या. मागच्या बाजूस ओळीने काचेच्या खिडक्या, मेजावर चांदीची भांडी, कोपऱ्यात व्हायोलिन. जहाजावरील एकमेव सभ्य जागा, असे वाटते. एवढ्यात युद्धाचा ढोल वाजतो आणि खलाशी धावत येऊन ती खोलीच उचलून नेतात. भिंती म्हणजे काढघाल होणाऱ्या फळ्या. मेज, खुर्च्या, वाद्ये सारे खाली जाते. आणि तेथे तोफा आहेत हे आपल्याला आता दिसते. त्या काळच्या युद्धनौकांवर हे असेच होत असे. पण दिग्दर्शकाने ते भाषणातून न सांगता सामानातून सांगितले. युद्धनौकेवर घर ही वस्तू उसनी असते, हे एका मिनिटात कळते.

दुसरे उदाहरण अधिक हृद्य आहे. वॉर्ली नावाच्या एका खलाशाने ‘ॲकेरॉन’ बॉस्टनच्या गोदीत बांधले जात असताना पाहिले होते. त्याच्या सांगण्यावरून त्याचा सोबती नेगल लाकडाचे लहानसे जहाज कोरतो आणि ते दोघे ते कॅप्टनपुढे ठेवतात. त्या खेळण्यावरून कॅप्टनला शत्रूच्या बांधणीचे मर्म कळते. पुढे केप हॉर्नच्या वादळात मागच्या डोलकाठीचा वरचा भाग वॉर्लीसकट समुद्रात कोसळतो. दोरांना अडकलेले ते लाकूड जहाजाला कलवून बुडवू पाहते. वॉर्ली त्या लाकडाकडे पोहत आहे, सारे पाहत आहेत, आणि दोर तोडलेच पाहिजेत. कुऱ्हाड चालविणाऱ्यांत नेगलही असतो. ते कोरलेले जहाज आणि ही कुऱ्हाड ह्यांच्यामध्ये कोणी एक शब्द बोलत नाही. आमच्या कोळी बांधवांनी हा प्रवेश पाहावा. दोर तोडणे म्हणजे काय हे त्यांना आमच्याहून अधिक समजेल.

आणखी एक गंमत विद्वान समीक्षकांच्याही नजरेतून निसटते. ह्या चित्रपटातील कॅप्टन स्वतःच नेपथ्यकार आहे! शत्रू पाठीशी लागला असता रात्री तो एका तराफ्यावर खोट्या काठ्या आणि कंदील उभारून पाण्यात सोडतो. फ्रेंच जहाज त्या कंदिलांमागे जाते आणि ‘सर्प्राइझ’ अंधारात निसटते. पुढे काडीसारखा दिसणारा एक किडा पाहून त्याच्या डोक्यात दुसरी युक्ती येते. युद्धनौकेला व्हेल माशांची शिकार करणाऱ्या जहाजाचे सोंग द्यायचे. नाव बदलायचे, तोफा झाकायच्या, चरबी कढत असल्यासारखा धूर काढायचा. लोभी शत्रू जवळ येतो. म्हणजे चित्रपटातील नेपथ्य आपल्याला जे करते, तेच कॅप्टन शत्रूला करतो. आणि फसवणूक यशस्वी व्हायची तर तपशील चोख असावा लागतो हे दोघांनाही माहीत आहे. दिग्दर्शकाने येथे आपल्या धंद्याचे गुपित हसत हसत उघडे केले आहे असे आम्हांस वाटते.

वस्तूंच्या ह्या मालिकेत शेवटी येते ती सुई. समुद्रावर मेलेल्या माणसाला त्याच्याच झोपण्याच्या झोळीत शिवून, पायाशी तोफेचा गोळा ठेवून, पाण्याच्या स्वाधीन करीत. अखेरच्या लढाईनंतर मृतांची रांग लागते. त्यांत कॅलमी हा कोवळा अधिकारी आहे. त्याचा जिवलग सोबती ब्लॅकनी, ज्याचा एक हात आधीच्या झुंजीत गेला आहे, पुढे येऊन ते शिवणकाम स्वतःकडे घेतो. एका हाताने शिवणारा मुलगा. त्यानंतर कॅप्टन नावे वाचतो आणि प्रभूची प्रार्थना म्हटली जाते. आम्ही अंत्यविधी करणारे आहोत. मृतासाठी हाताने काही करता येणे ह्यात शोकाला केवढा आधार असतो ते आम्ही घरोघरी पाहिले आहे. सजावटकाराला सुईचे माप कोणत्या पुस्तकात सापडले ते आम्हांस ठाऊक नाही. तिचे स्थान त्याला नेमके सापडले हे खरे.

योनाचा प्रसंगही ह्याच जातीचा. वारा पडतो, पाणी संपत येते, आणि खलाशी हॉलम नावाच्या दुबळ्या अधिकाऱ्याला ‘योना’ ठरवितात, म्हणजे ज्याच्या पापामुळे जहाजावर संकट आले तो. बायबलमधील योनाला खलाशांनी नाइलाजाने समुद्रात टाकले, टाकण्यापूर्वी देवाची करुणा भाकली. येथे कोणी टाकीत नाही; हॉलम स्वतःच रात्री तोफेचा गोळा कवटाळून उडी घेतो. मृतांच्या पायाशी ठेवायचा गोळा एका जिवंत माणसाच्या हाती आला! त्यावर कॅप्टन सर्वांसमक्ष, आपण त्याच्या बाबतीत कमी पडलो, अशा अर्थाचे बोलतो. मूळ कादंबरीत हॉलमची कथा वेगळी आहे, तेथे एका विवाहितेचे प्रकरण आणि खून आहे. चित्रपटातील बदल आम्हांस मुळापेक्षा श्रेष्ठ वाटतो.

आता तक्रारीकडे वळले पाहिजे, आणि ती लहान नाही.

ज्यांनी तोफेवर रंगविलेल्या नावापर्यंत सत्य सांभाळले, त्यांनी शत्रूच बदलला. ओब्रायन ह्यांच्या १९८४ च्या कादंबरीत पाठलाग होतो तो ‘नॉरफोक’ ह्या अमेरिकन युद्धनौकेचा, आणि काळ आहे १८१२ च्या ब्रिटिश-अमेरिकन युद्धाचा. त्यामागे इतिहासाचा आधार आहे: अमेरिकेच्या ‘एसेक्स’ जहाजाने पॅसिफिकमध्ये ब्रिटिश व्हेल-शिकाऱ्यांची दाणादाण उडविली आणि मार्च १८१४ मध्ये व्हाल्परायझोपाशी दोन ब्रिटिश जहाजांनी त्याला गाठले. चित्रपट अमेरिकन पैशाने, मुख्यतः अमेरिकन प्रेक्षकांसाठी. त्यांना आपलेच लोक खलनायक म्हणून कसे रुचणार? म्हणून काळ सात-आठ वर्षे मागे सरकला आणि शत्रू फ्रेंच झाला. गंमत अशी की जहाज मात्र अमेरिकनच राहिले. कथेत ते बॉस्टनला बांधलेले आहे, आणि ‘ॲकेरॉन’चे रूप घडविण्यासाठी मापे घेतली गेली ती बॉस्टन येथे आजही तरंगत असलेल्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ ह्या १७९७ सालच्या अमेरिकन युद्धनौकेची. लाकूड खरे बोलले, पटकथा खोटे बोलली. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात द्रव्य आणि त्याचे दृश्य गुण ह्यांतील भेद शिकविला जातो. येथे दृश्य गुण सारे जपले आणि द्रव्य बदलून टाकले.

ह्या ‘कॉन्स्टिट्यूशन’चा आपल्या मुंबईशी एक जुना संबंध आहे, तो येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी तिने ‘जावा’ ही ब्रिटिश फ्रिगेट पाडाव केली आणि जाळून टाकली. ‘जावा’ मुंबईला निघाली होती आणि तिच्यावर मुंबईच्या गोदीत बांधावयाच्या एका नव्या फ्रिगेटचे आराखडे होते. ते गेले. दुसऱ्या प्रती येईपर्यंत काम रखडले, आणि अखेर जमशेटजी बमनजी वाडिया ह्यांच्या हाताखाली मलबारच्या सागवानातून बांधलेले ते जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. तेच ‘ट्रिंकोमाली’. इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे ते आजही तरंगत आहे. अजून पाण्यावर असलेली ती सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका होय. पडद्यावर ‘ॲकेरॉन’चे धूड धुक्यातून पुढे येते तेव्हा त्याच्यामागे मुंबईच्या सुतारांची चार वर्षे खोळंबलेली आहेत, हे ज्याला माहीत आहे त्याला तो प्रवेश थोडा निराळा दिसेल.

दुसरी तक्रार अधिक हळवी आहे. डॉक्टर मॅटुरिन ह्यांची खोली ह्या चित्रपटातील सर्वांत भरगच्च जागा आहे. करवती, चिमटे, पुस्तके, किडे, पाने. आपलाच पोटातील गोळी आरशात पाहून काढणारा हा माणूस कसा घडला असेल हे ते सामान सांगते. मात्र कादंबऱ्यांतील मॅटुरिन आयरिश बापाचा आणि कातालान आईचा कॅथोलिक आहे, आणि हे त्याचे बाह्य लेबल नाही. १८०५ साली ब्रिटिश आरमारात कॅथोलिकाला अधिकारी होण्याचा कायदेशीर मार्ग नव्हता. पवित्र मिस्सेत भाकर व द्राक्षारस ह्यांचे ख्रिस्ताच्या शरीरात व रक्तात परिवर्तन होते, हे नाकारणारे निवेदन त्याला करावे लागे. शस्त्रवैद्य म्हणून मॅटुरिन ज्या फटीतून आत येतो, ती फट त्याच्या सबंध स्वभावावर सावली टाकते. ह्या आरमारात आयरिश खलाशी मोठ्या संख्येने होते, त्यांतले बहुतेक आपल्याच पंथाचे. त्यांच्या शवांवर इंग्लंडच्या चर्चचा प्रार्थनाग्रंथ वाचला जाई. चित्रपटात ह्या साऱ्याची एक खूण आम्ही शोधली. डॉक्टरच्या खोलीतील खुंटीवर एखादी जपमाळ, खलाशाच्या गळ्यात एखादे पदक. आम्हांस ते कोठे आढळले नाही.

कोणी म्हणेल, लपवून ठेवलेली वस्तू दिसणार कशी? येथे ‘मेरी रोझ’ची आठवण करून द्यावीशी वाटते. ते जहाज बुडाले तेव्हा आठव्या हेन्रीने रोमशी नाते तोडून अकरा वर्षे झाली होती आणि अर्थ न समजता मणी ओढीत जपमाळ म्हणण्याचा राजाज्ञेने निषेध केला होता. तरीही गाळातून जपमाळा निघाल्या. एक नव्हे, अनेक. खलाशांनी त्या बरोबर घेतल्या होत्या आणि त्या घेऊनच ते बुडाले. हुकूमनाम्यांवर विसंबणाऱ्याने त्या जहाजावर एकही माळ ठेवली नसती. ज्या सजावटकारांनी एवढे शोधले, त्यांनी आणखी एक मणी शोधला असता तर डॉक्टरच्या एकटेपणाला, आणि कॅप्टनशी असलेल्या त्याच्या विलक्षण मैत्रीला, केवढी खोली आली असती! संवादाचा एक शब्दही वाढवावा लागला नसता.

ह्या दोन उणिवा सांगूनही, चित्रपट पाहू नये असे आम्ही म्हणणार नाही. शस्त्रक्रियेचे प्रसंग अंगावर येतात, तेव्हा लहान मुलांना जवळ घेऊन बसावे. ऑस्करसाठी त्याची दहा नामांकने झाली होती. छायाचित्रण आणि ध्वनिसंपादन ही दोन पारितोषिके मिळाली, कलादिग्दर्शनाचे हुकले. ज्यांचे सोयरे अमेरिकेत पश्चिम किनाऱ्याकडे आहेत, त्यांना ‘सर्प्राइझ’ प्रत्यक्षही पाहता येईल. ती आता सॅन डिएगोच्या सागरी संग्रहालयात आहे. पहिल्या वेळी लढाया पाहाव्यात. दुसऱ्या वेळी आवाज थोडा कमी करून खलाशांचे हात काय धरतात तेवढेच पाहावे: दोर, कुऱ्हाड, कोरलेले जहाज, गोळा, सुई.